छिद्र बारीक, हाड मात्र तेवढंच कापायचं

प्रश्न : आमचं गाव पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन. आईचं वय ५२. दोन्ही पायांच्या अंगठ्यांच्या मुळाशी, आतल्या बाजूला हाड बाहेर आलं आहे. उजव्या पायाचा अंगठा तर शेजारच्या बोटावर चढू लागलाय. मिरचीच्या तोडणीत दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पाय ठणकतो. गावात कुणी वात म्हणतं, कुणी लेप सांगतं. मोबाइलवरच्या एका जाहिरातीत मात्र पाहिलं, की आता चिरफाड न करता लेसरने दोन भोकांतून हे हाड बसवतात आणि पेशंट त्याच दिवशी चालत घरी जातो. खरं आहे का? आणखी एक. हा आजार टोकदार बुटांनी होतो असं वाचलं. आईने जन्मात बूट घातलेला नाही. मग तिला कसा झाला?

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न जास्त रंगतदार आहे, म्हणून आधी तोच घेतो.

आईच्या पायाचं हाड 'वाढलेलं' नाही, ते सरकलेलं आहे. अंगठ्याच्या मागे तळव्यात एक लांब हाड असतं, पहिलं मेटाटार्सल. ते हळूहळू आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेने कलतं आणि त्याच्या टोकावरचा अंगठा उलट्या दिशेने, बाकीच्या बोटांकडे वळतो. मधल्या सांध्याचा कोपरा कातडीखालून बाहेर डोकावतो, तेच ते टेंगूळ. चपलेचा पट्टा वर्षानुवर्षं घासून तिथली कातडी जाड होते, खालची पाण्याची पिशवी सुजते, थोडंफार हाडही जमतं. पण मूळ बिघाड दिशेचा आहे. डॉक्टर याला बनियन म्हणतात, कागदावर हॅलक्स व्हॅल्गस लिहितात.

गंमत म्हणजे या मेटाटार्सलच्या डोक्याला एकही स्नायू थेट जोडलेला नाही. स्नायूंच्या दोऱ्या त्याच्या आजूबाजूने जाऊन पुढे अंगठ्याला लागतात. सगळं सरळ असतं तोवर या दोऱ्या दोन्ही बाजूंनी सारख्या ओढतात. अंगठा एकदा कलला की त्या एका बाजूला घसरतात आणि धनुष्याच्या दोरीसारख्या ताणून बसतात. मग प्रत्येक पावलागणिक अंगठा आणखी वाकतो आणि मेटाटार्सल आणखी आतल्या बाजूला ढकललं जातं. म्हणून हा आजार आपोआप मागे फिरत नाही. लेपाने सूज उतरेल, कातडीची आग थांबेल, पण हाडाची दिशा बदलणार नाही.

आता बुटांचं. १९५८ साली हाँगकाँगमध्ये दोन डॉक्टरांनी बूट घालणारे ११८ आणि अनवाणी चालणारे १०७ लोक तपासले. बूटवाल्यांत ३३ टक्क्यांचा अंगठा वळलेला निघाला, अनवाणी लोकांत जेमतेम २ टक्क्यांचा. त्याहून मजेशीर पुरावा इंग्लंडमधल्या केंब्रिजचा आहे. तिथल्या मध्ययुगीन दफनभूमींतले १७७ सांगाडे अभ्यासून २०२१ मध्ये संशोधकांनी सांगितलं, की ११ ते १३ व्या शतकातल्या लोकांत हे प्रमाण ६ टक्के होतं आणि १४-१५ व्या शतकात २७ टक्के. मधल्या काळात तिकडे लांब टोकाच्या बुटांची फॅशन आली होती. त्या टोकदार बुटांचा नाद मठातल्या धर्मगुरूंनाही सुटला नव्हता, हे त्यांच्या हाडांवरून कळलं.

म्हणजे बूट दोषी आहेत. पण हाँगकाँगचे ते २ टक्के अनवाणी लोक विसरून चालणार नाही. चप्पल घालत असल्या, तरी तुमच्या आई त्यांच्याच जवळच्या आहेत. बूट हा आजार वाढवतो, लवकर आणतो, पण बहुतेकदा त्याची तयारी जन्मापासून असते. स्पेनमध्ये ३५० रुग्णांच्या घराण्यांची चौकशी केली, तर १० पैकी ९ जणांच्या घरात आणखी कुणाला तरी हाच त्रास होता. वारशात टेंगूळ येत नाही, पायाची ठेवण येते. सैल अस्थिबंध, सपाट तळवा, गोलसर टोकाचं मेटाटार्सल, असं काहीबाही. बायकांचे अस्थिबंध मुळात सैल असतात, त्यामुळे त्यांच्यात हे बरंच जास्त दिसतं. आजीचा, मावशीचा पाय एकदा पाहून घ्या. आणि आईच्या हाताच्या बोटांचे सांधेही सकाळी तासभर आखडत असतील, तर आमवाताची रक्ततपासणी आधी करा. आमवातातही अंगठा असाच वळतो, आणि मग उपचाराची सुरुवात पायापासून करून भागत नाही.

आता जाहिरातीकडे वळू. त्यातली लेसरची गोष्ट सोडून द्या. लेसर हाड सरकवत नाही. बाकीचं बरंचसं खरं आहे, फक्त अर्धंच सांगितलेलं आहे.

वळलेला अंगठा सरळ करायच्या शंभराहून जास्त पद्धती आजवर लिहिल्या गेल्या आहेत. एखाद्या आजारावर इतके उपाय असले की समजावं, एकही सगळ्यांना लागू पडलेला नाही. यांतल्या बहुतेकांचा गाभा मात्र सारखा आहे : मेटाटार्सल आडवं कापायचं, त्याचं डोकं जागेवर सरकवायचं, तिथे पक्कं करायचं आणि जुळू द्यायचं. नेहमीच्या शस्त्रक्रियेत त्यासाठी पायाच्या कडेला काही सेंटिमीटरचा छेद घेतात, हाड डोळ्यांनी पाहतात, छोट्या करवतीने कापतात. नव्या पद्धतीत ३-४ मिलिमीटरची काही छिद्रं असतात. त्यांतून एक 'बर' आत जातं, म्हणजे दातांच्या डॉक्टरकडच्या यंत्रासारखं फिरणारं कटर. हाड कापणाऱ्या बरची जाडी सुमारे २ मिलिमीटर असते आणि धारेचा भाग सुमारे २० मिलिमीटर. सर्जनला हाड दिसत नाही. सी-आर्म नावाच्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर पाहत आणि हाताला लागणाऱ्या कंपनांवरून अंदाज घेत तो कापतो.

इथे वेगाचा मामला फार नाजूक आहे. दातांचं यंत्र मिनिटाला ३ लाखांहून जास्त फेरे घेतं. तेच इथे वापरलं तर हाड भाजून निघेल. हाडाच्या पेशी साधारण ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभरात मरू लागतात, आणि मेलेलं हाड जुळत नाही. म्हणून इथलं यंत्र फक्त काही हजार फेऱ्यांचं, पण जोरकस असतं आणि वरून सतत सलाइनचं थंड पाणी सोडतात. आणखी एक बारकावा. बर २ मिलिमीटर जाड, म्हणजे तेवढं हाड भुगा होऊन गेलं. मेटाटार्सल आखूड झालं तर अंगठ्याचा भार शेजारच्या बोटांखाली जातो आणि तिथे घट्टे पडून नवं दुखणं सुरू होतं. ते टाळायला अनुभवी सर्जन बर जरा तिरकं धरतो.

हे तंत्र कालपरवाचं नाही. अमेरिकेतल्या स्टीफन आयशम यांनी १९९१ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्याच सुमारास ऑस्ट्रियाचे पीटर ब्योश हाड कापून ते तारेने धरून ठेवत. या पद्धतींत पकड ढिली असायची आणि हाड हललं की सगळं मुसळ केरात. ब्रिटनच्या 'नाइस' या सरकारी संस्थेने २०१० मध्येही पुरावा अपुरा आहे, जपून वापरा, असंच सांगितलं होतं. फ्रान्सचे जोएल व्हेर्नुआ आणि इंग्लंडचे डेव्हिड रेडफर्न यांनी इंग्रजी व्ही आकाराच्या कापाला दोन पोकळ स्क्रूंची जोड दिली, तेव्हा चित्र बदललं. आज जाहिरातींत दिसते ती बहुधा हीच तिसऱ्या पिढीची पद्धत. हाडाचं डोकं त्याच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त सरकवूनही स्क्रू ते धरून ठेवतात. शस्त्रक्रियेनंतरचा एक्स-रे पाहून मात्र दचकायला होतं. हाडाचं टोक दांड्यावरून जवळजवळ लटकल्यासारखं दिसतं. मधली जागा पुढच्या काही महिन्यांत नव्या हाडाने भरते.

मग जुन्या पद्धतीपेक्षा ही चांगली का? ऑस्ट्रेलियात ५० रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली, ती २०१७ मध्ये छापून आली. बारीक छिद्रवाल्यांना पहिल्या ६ आठवड्यांत वेदना कमी होत्या. त्यानंतर दोन्ही गट सारखेच. अंगठाही दोन्हीकडे सारखाच सरळ झाला. म्हणजे फायदा खरा आहे, पण तो सुरुवातीच्या दुखण्याचा, व्रणाचा आणि सुजेचा आहे. हाड जुळायला लागणारा वेळ छिद्राच्या आकाराला भीक घालत नाही.

'चालत घरी' हेही खरं आहे. पण ते चालणं कसलं, ते ऐका. कडक, सपाट तळाच्या खास बुटात, टाचेवर भार देत, संडासापर्यंत आणि परत. पहिले दोन आठवडे बाकीचा वेळ पाय उशीवर, छातीच्या पातळीच्या वर. तो बूट साधारण ६ आठवडे. नेहमीची चप्पल ६ ते ८ आठवड्यांनी. शेतातलं काम, डोक्यावर ओझं, ढेकळांतून चालणं याला ३ महिने धरून चाला. सूज पूर्ण उतरायला ६ महिने, कधी वर्षही लागतं. उकिडवं बसता-उठताना टाच उचलली गेली, की बराच भार याच सांध्यावर येतो. घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल, तर कमोडची खुर्ची शस्त्रक्रियेच्या आधीच आणून ठेवा. या गोष्टी जाहिरातीत येत नाहीत आणि घाईच्या ओपीडीत सांगायच्या राहून जातात.

तुमच्याकडे उन्हाळ्यात लावलेली मिरची पावसाळ्याच्या तोंडाला तोडणीला येते, आणि मग गावच्या बाजाराला उसंत नसते. त्या दिवसांत पायाला पट्टी बांधून चिखलात उतरणं म्हणजे जखमेत जंतूंना आवतण. शस्त्रक्रिया करायचीच झाली, तर तोडणी आटोपल्यावर, रान कोरडं असताना करा. शिवाय पहिले काही आठवडे पट्टी बदलायला ठरल्या दिवशी जावं लागतं. सर्जन लांबच्या शहरातला असेल, तर जाण्यायेण्याची सोय आधी पाहा. या पद्धतीत पट्टी नुसती जखम झाकायला नसते. अंगठा सरळ धरून ठेवण्यासाठी ती ठरावीक पद्धतीने बांधलेली असते, गावातल्या कंपाउंडरकडून बदलून घ्यायची ती नव्हे.

माझं मत विचाराल, तर आधी करून पाहण्यासारखं बरंच आहे. आईला वर्तमानपत्रावर उभं करून पावलाभोवती पेन्सिल फिरवा आणि त्यांची चप्पल त्या चित्रावर ठेवा. चित्र चपलेबाहेर येत असेल, तर निम्मा आजार तिथेच सापडला. टेंगळावर येणारा पट्टा चांभाराकडून पुढेमागे सरकवून घ्या, किंवा वेल्क्रोचं रुंद, मऊ पट्ट्याचं सँडल घ्या, तेही संध्याकाळी, पाय सुजलेला असताना. कोल्हापुरी अंगठ्याला दाबत नाही, पण तिचा कडक पट्टा नेमका त्याच हाडावर येतो का ते बघा. पावसाळ्यात सापाच्या भीतीने गमबूट घालायला सांगतात, ते बरोबरच आहे. फक्त ते एक नंबर मोठे घ्या. वळलेला अंगठा दुसऱ्या बोटावर चढला की जोडवं रुततं, तिथे जखम होते. काही दिवस ते काढून ठेवावं. शस्त्रक्रियेच्या वेळी तर ते काढावंच लागतं आणि सूज ओसरेपर्यंत परत चढत नाही. हे आईंना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आधीच सांगा, म्हणजे ऐन वेळी रुसवेफुगवे होणार नाहीत.

एवढं करूनही रोजच्या कामात दुखत असेल, तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. जालन्याचं जिल्हा रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, दोन्हीकडे अस्थिरोग विभाग आहेत. एक्स-रे उभं राहून, पायावर भार देऊन काढायला सांगा. झोपून काढलेल्या फोटोत पाय विसावलेला असतो आणि कोन खोटा, कमी दिसतो. अंगठ्याचा कोन १५ अंशांपर्यंत असेल तर तो सर्वसाधारण, ४० च्या वर गेला तर तीव्र. तीव्र असेल किंवा सांधा आतून झिजला असेल, तर बारीक छिद्रांचा हट्ट धरू नका. तिथे मोठा छेद घेऊन केलेली शस्त्रक्रिया जास्त भरवशाची ठरू शकते.

सर्जनला विचारायला लाजू नका : ही शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः किती जणांवर केली? डोळ्यांनी न पाहता कापायचं असल्यामुळे हात बसायला २० ते ५० शस्त्रक्रिया लागतात, असं वेगवेगळे अभ्यास सांगतात. तुमची आई त्यातली तिसरी असायची काही गरज नाही. अंगठा सुन्न पडणं, सांधा आखडणं, जंतुसंसर्ग, स्क्रू टोचणं, हाड उशिरा जुळणं, अंगठा पुन्हा वळणं, हे धोके दोन्ही पद्धतींत आहेत. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणि पायाचं रक्ताभिसरण तपासून मगच पुढे जा. आई मिश्री लावत असतील, तर ती आधी बंद करा. मिश्री हाही तंबाखूच. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड जुळायला उशीर होतो. खर्चासाठी रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि ही शस्त्रक्रिया महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे दाखल होण्याआधी विचारून घ्या.

आणि नुसतं टेंगूळ दिसतंय, दुखत नाही, अशी अवस्था असेल, तर पायाला हात लावू देऊ नका. पाय देखणा करायला ही शस्त्रक्रिया करू नये, यावर नव्या-जुन्या दोन्ही पद्धतींचे सर्जन एकमताने बोलतात, आणि हे त्यांच्यात क्वचित होतं.

प्रश्न : रात्री बोटांत घालायची सिलिकॉनची गादी आणि अंगठा सरळ करणारी पट्टी ऑनलाइन मागवली आहे. किती महिन्यांत फरक पडेल? (एक शिक्षिका, भोकरदन)

उत्तर : घातली आहे तोवर बरं वाटेल. मोठ्या माणसाचं हाड त्याने कायमचं सरळ होत नाही. गादी मऊ असेल आणि चपलेत जागा असेल तर जरूर वापरा. अरुंद बुटात गादी कोंबली, तर दाब कमी व्हायचा तो वाढेल.

प्रश्न : वडिलांचा अंगठा एका रात्रीत लालभडक होऊन सुजला. चादरीचा स्पर्शही सहन होईना. हेही तेच का? (एक वाचक, जालना)

उत्तर : नाही. बनियन वर्षांच्या हिशोबाने वाढतं, एका रात्रीत येत नाही. हे बहुधा गाउट आहे, रक्तातल्या युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचल्याने होणारं. त्याला औषधं आहेत, कापाकापी लागत नाही. पण ताप असेल किंवा वडिलांना मधुमेह असेल, तर हा जंतुसंसर्गही असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची, भरतनाट्यम शिकते. तिचा अंगठा आत्तापासूनच वळलाय, माझ्यासारखाच. लहानपणीच शस्त्रक्रिया केलेली बरी का? (एक आई, पुणे)

उत्तर : उलट, थांबलेलं बरं. पहिल्या मेटाटार्सलची वाढ त्याच्या मागच्या टोकाला होते. ती वाढ सुरू असताना तिथे धक्का लागला, तर हाड आखूड राहू शकतं. शिवाय लहान वयात सरळ केलेला अंगठा पुन्हा वळण्याचं प्रमाण जास्त आहे. नाच अनवाणी आहे, तो बंद करायचं कारण नाही. शाळेचा बूट मात्र पुढून रुंद घ्या. फारच दुखत असेल तर पायाच्या तज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : माझ्या सासूबाईंची अशी शस्त्रक्रिया मुंबईत झाली. आता त्या आमच्याकडे येणार आहेत. पायातले स्क्रू विमानतळावर वाजतील का? आणि ते काढावे लागतात का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : हे स्क्रू सहसा टायटेनियमचे आणि इतके लहान असतात, की यंत्र बहुधा वाजत नाही. वाजलंच तर पाय दाखवून सांगायचं, शस्त्रक्रियेचा कागद जवळ असला म्हणजे झालं. टोचत नसतील तर ते काढायची गरज नाही. एमआरआय करायची वेळ आली, तर तंत्रज्ञाला आधी सांगावं. लांबच्या प्रवासात पाय सुजतो, म्हणून चप्पल पट्ट्याची आणि सैल करता येणारी असू द्या.